संग्रहालयातील पाटी कोण लिहिणार?

पिप्रहवाच्या स्तूपातून १८९८ साली विल्यम पेपे या इंग्रज जमीनदाराने जे खणून काढले, त्यातील अस्थिधातू सयामच्या राजाला देण्यात आले, बहुतेक रत्ने कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये गेली आणि एक हिस्सा पेपे कुटुंबाच्या ताब्यात राहिला. हाच हिस्सा मे २०२५ मध्ये सदबीज कंपनीने हाँगकाँगमध्ये लिलावाला काढला. जगभरच्या बौद्धांनी आवाज उठवला, भारत सरकारने कायदेशीर नोटीस बजावली, लिलाव थांबला आणि ३० जुलै २०२५ रोजी गोदरेज समूहाच्या पैशातून ही रत्ने भारतात परत आली. ३ जानेवारी २०२६ रोजी दिल्लीच्या राय पिथोरा संकुलात त्यांचे प्रदर्शन उघडले. बातमी वाचून आमच्या वस्त्यावस्त्यांतून आनंद झाला आणि तो होणे स्वाभाविकच होते.

परंतु आनंदाच्या भरात एक प्रश्न विचारायचा राहून गेला. तथागतांच्या अस्थींसोबत श्रद्धेने ठेवलेले रत्न काचपेटीत गेले की त्याचे काय होते? ते वंदनाची वस्तू राहते की पाहण्याची होते? पेटी किती उंचीवर असावी, प्रकाश कोठून पडावा, समोर क्षणभर बसायला जागा असावी की रांग पुढे सरकत राहावी, पाटीवर ‘दागिने’ लिहावे की ‘धातूंसोबतचे दान’ लिहावे, हे सर्व कोणीतरी ठरवत असतो. हा कोणीतरी कोण? तो कोठे शिकतो? आणि त्याला काय शिकवले जाते?

आमच्या चळवळीने वकील घडवले, प्राध्यापक घडवले, कवी तर गल्लोगल्ली घडवले. डिझाईन हा विषय मात्र श्रीमंतांच्या मुलांचा, कपड्यांचा आणि खुर्च्यांचा म्हणून आम्ही सोडून दिला. वास्तविक पाहता आज या देशात जी स्मारके, संग्रहालये, प्रदर्शने उभी राहत आहेत, त्यांची मांडणी डिझाईन संस्थांतून शिकून बाहेर पडलेली मुले करतात. इतिहासकार मजकूर देतो, पण तीन पानांच्या मजकुराचे साठ शब्द करून ते पाटीवर कोठे लावायचे आणि कोणती वस्तू दारात व कोणती कोपऱ्यात ठेवायची, हे ही मुले ठरवतात. न्यायालयात जसा मुद्देमाल पुढे ठेवला जातो आणि त्यावरून निकाल फिरतो, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की येथे उलटतपासणी घ्यायला कोणी नसतो.

भारतातील डिझाईन शिक्षणाचा उगम पाहिला की बऱ्याच गोष्टी उघड होतात. भारत सरकारच्या निमंत्रणावरून आणि फोर्ड फाउंडेशनच्या पैशातून चार्ल्स व रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य या देशात हिंडले आणि १९५८ साली त्यांनी ‘इंडिया रिपोर्ट’ सादर केला. त्या अहवालावरून १९६१ साली अहमदाबादला नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाईन म्हणजे एनआयडी उभी राहिली. नेहरूंच्या निधनानंतर त्यांच्या जीवनावरचे प्रदर्शन याच संस्थेच्या लोकांनी ईम्स दांपत्याबरोबर केले आणि १९६५ साली ते न्यूयॉर्कला उघडले. प्रदर्शन कसे करावे याचे या देशातील आधुनिक शिक्षण तेथून सुरू झाले असे म्हणायला हरकत नाही. या अहवालाच्या आरंभी भगवद्गीतेतील कर्माचा श्लोक आहे. गीतेविषयी बाबासाहेबांचे मत काय होते, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको.

अहवालाचा गाभा आहे तो लोटा. भारतात पाहिलेल्या सर्व वस्तूंमध्ये साधा लोटा त्यांना सर्वांत सुंदर वाटला. मग त्यांनी विचारले की, असा लोटा नव्याने घडवायचा तर कोणकोणत्या गोष्टींचा विचार करावा लागेल? पाणी किती मावेल, उचलणारा हात केवढा, डोक्यावरून नेणार की कमरेवरून, भरलेला असताना तोल कसा राहील, ओतताना धार कशी पडेल, घासायला सोपा जाईल का, किंमत किती, विकताना काय वाटेल, कोणाला देताना काय वाटेल. मोठी सुंदर प्रश्नमाला आहे ती. आजही डिझाईनच्या विद्यार्थ्यांना ती वाचायला देतात आणि द्यायलाही हवी, कारण वस्तूकडे इतके बारकाईने पाहणे हा एक गुण आहे, आणि तो आमच्या तरुणांनीही उचलावा असाच आहे.

पण या प्रश्नमालेत एक प्रश्न नाही. या लोट्याला कोणाचा हात लागलेला चालत नाही?

हा प्रश्न परक्या पाहुण्यांना सुचला नाही, हे एक वेळ समजू शकते. त्यांना हिंडवणाऱ्या, माहिती देणाऱ्या आपल्या लोकांनाही तो सुचू नये? १९२७ च्या २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले, त्याला तेव्हा ३१ वर्षे झाली होती. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तळ्याच्या खटल्यात आपल्या बाजूने निकाल दिला, त्यालाही २१ वर्षे झाली होती. आणि १९५५ सालचा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा, जो १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो, त्याचे कलम ४ काढून पाहा. सार्वजनिक उपाहारगृहात, धर्मशाळेत ठेवलेली भांडी वापरायला अस्पृश्यतेच्या कारणावरून मनाई करणे हा गुन्हा ठरवला आहे. भांडी हा शब्द संसदेने कायद्यात घातला आहे! म्हणजे लोट्याचा जो गुण डिझाईनच्या आद्य ग्रंथाला १९५८ साली दिसला नाही, तो कायदा करणाऱ्यांना १९५५ सालीच दिसला होता.

एनआयडी ज्या गुजरातमध्ये आहे, त्या गुजरातमध्ये दलितांसाठी वेगळ्या ठेवलेल्या कपबशीला ‘रामपातर’ असे गोंडस नाव आहे. आलेल्या दलिताला चहा त्यात द्यायचा, त्याने पिऊन ते स्वतः धुऊन वळचणीला ठेवायचे. मार्टिन मॅकवान यांच्या ‘नवसर्जन’ संस्थेने त्याविरुद्ध मोहीम काढली आणि रामपातर टाकून ‘भीमपातर’ घ्या असे सांगितले. याच संस्थेने २०१० मध्ये गुजरातच्या १५८९ गावांतील अस्पृश्यतेचा अभ्यास प्रसिद्ध केला. तमिळनाडूच्या चहाच्या टपऱ्यांतून ‘दोन पेले’ पद्धतीविरुद्ध किती आंदोलने झाली! ऑगस्ट २०२२ मध्ये राजस्थानच्या जालोर जिल्ह्यात नऊ वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा मृत्यू झाला, तेव्हा शिक्षकाच्या माठातील पाणी प्यायला म्हणून त्याला मारहाण झाल्याचा आरोप घरच्यांनी केला. अशा देशात पाण्याचे भांडे काचपेटीत ठेवून त्याखाली फक्त ‘तांबे, एकोणिसावे शतक’ लिहिणे ही अर्धवट साक्ष आहे. अर्धवट साक्षीला कायद्याच्या भाषेत काय म्हणतात ते आम्ही जाणतो.

मध्यंतरी अशाच एका डिझाईन संस्थेत आम्हाला ‘वस्तू आणि कायदा’ या विषयावर बोलायला बोलावले होते. संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही. सत्राचे काम म्हणून विद्यार्थ्यांनी गावोगाव जाऊन वस्तू आणल्या होत्या आणि त्यांची छोटी संग्रहालये मांडली होती. काम खरोखर देखणे होते. एका गटाने तांब्याची घागर आणली होती. काळे कापड, वरून एकच झोत, बाजूला पाटी. पाटीवर लिहिले होते, ‘पारंपरिक ग्रामीण जलपात्र, पश्चिम महाराष्ट्र. सामूहिक जीवनाचे प्रतीक.’ आम्ही विचारले, सामूहिक म्हणजे कोणकोण? मुले एकमेकांकडे पाहू लागली. शिकवणारे म्हणाले, सर, हा समाजशास्त्राचा भाग झाला, इथे आम्ही स्वरूपाकडे पाहतो. व्याख्यान संपल्यावर एक विद्यार्थिनी बाहेर येऊन थांबली. म्हणाली, “सर, माझी आजी सांगायची, विहिरीवर तासन् तास बसायचं. कोणी दया येऊन घागर तिरपी केली तर ओंजळ धरायची. वरून पाणी पडायचं, ते निम्मं अंगावर जायचं.” आम्ही विचारले, मग हे तू वर्गात का नाही सांगितलेस? ती म्हणाली, “सांगितलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं ना सर.”

त्या गटातील जी मुलगी पाटी अचूक लिहू शकत होती, ती गप्प बसली आणि ज्यांना माहीत नव्हते त्यांनी लिहिली. त्या संस्थेने तिला प्रवेश दिला होता, राखीव जागेवर असो वा खुल्या, पण तिने घरून आणलेले ज्ञान अभ्यासाचे साहित्य आहे असे तिला कोणी सांगितले नव्हते. आणि ‘स्वरूपाकडे पाहतो’ हे उत्तरही डिझाईनच्या दृष्टीनेसुद्धा चुकीचे आहे. घागरीचे तोंड तिरपे झाल्यावर धार किती उंचीवरून पडते, हे स्वरूपच आहे. त्या मुलांनी घागर पायरीवर ठेवून तिच्या खाली, चार फुटांवर, प्लास्टरची दोन ओंजळीची हातांची प्रतिकृती ठेवली असती, तर पाटीवर फार काही लिहावेच लागले नसते.

असे कोणी करते का? करतात. अमेरिकेत फ्रेड विल्सन या कृष्णवर्णीय कलावंताने १९९२ साली बाल्टिमोरच्या मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटीत ‘मायनिंग द म्युझियम’ हे प्रदर्शन केले. त्याने बाहेरून काही आणले नाही. त्याच संग्रहालयाच्या कोठारातील वस्तू काढल्या आणि नव्याने मांडल्या. एका काचपेटीत श्रीमंतांची नक्षीदार चांदीची भांडी होती आणि त्यांच्या मधोमध गुलामांच्या पायातील लोखंडी बेड्या. पाटीवर शब्द एवढेच, ‘धातुकाम १७९३ ते १८८०’. दुसऱ्या दालनात सुबक खुर्च्या अशा ठेवल्या की जणू सभ्य मंडळी बसून पाहत आहेत, आणि समोर फटके मारण्याचा खांब. दोन्ही वस्तू त्याच संग्रहालयात आधीपासून होत्या, पण चांदी दालनात होती आणि बेड्या कोठारात. तिसऱ्या ठिकाणी नेपोलियन वगैरे बड्या मंडळींचे पुतळे होते, आणि शेजारी रिकामे चबुतरे, ज्यांवर हॅरिएट टबमन, फ्रेडरिक डग्लस, बेंजामिन बॅनेकर ही नावे होती. तिघेही त्या मेरीलँडच्याच मातीतले, पण त्यांचे पुतळे मेरीलँडच्या संग्रहालयात नव्हते. जगभरच्या संग्रहालयशास्त्राच्या वर्गांतून हे उदाहरण शिकवतात. जोहान्सबर्गच्या अपार्थाईड म्युझियममध्ये तर तिकिटावर ‘गोरा’ किंवा ‘बिगरगोरा’ असे कसेही छापून येते आणि त्याप्रमाणे वेगळ्या दारातून आत जावे लागते. पाटी वाचायच्या आधीच माणसाला कळते. ब्लॅक पँथरपासून स्फूर्ती घेऊन १९७२ साली दलित पँथर उभी करणाऱ्या महाराष्ट्राला ही भाषा परकी वाटू नये.

आमच्याकडे उलट परंपरा जुनी आहे. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, म्हणजे पूर्वीचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, आमच्या वाचकांपैकी अनेकांनी राणीच्या बागेत मुले घेऊन जाताना पाहिले असेल. विसाव्या शतकाच्या आरंभी जे. जे. कला शाळेचे प्राचार्य सेसिल बर्न्स हेच त्या संग्रहालयाचे क्युरेटरही होते. मुंबईतील जातीजमाती, त्यांचे धंदे, पगड्या यांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती तेथे काचेत आहेत. कौशल्य वाखाणण्यासारखे आहे. पण जात ही जणू फुलपाखरांच्या जातींसारखी निसर्गातली चीज आहे, प्रत्येकाचा पोशाख वेगळा, काम वेगळे आणि सगळे आपापल्या जागी सुखी, असा भास अशा मांडणीतून होतो. कलेचे शिक्षण आणि संग्रहालय यांची जोडी या शहरात शंभर वर्षांहून जुनी आहे. काचेतल्या बाहुल्यांना विचारायची मात्र कोणाला गरज वाटली नाही.

आता आमच्या वस्तूंकडे येऊ. वेसकराची घुंगराची काठी किती घरांत उरली आहे? ती आपटत वेसकर गावातून फिरे, घुंगरांचा आवाज त्याची वर्दी देई आणि संध्याकाळी त्याच काठीनिशी दारोदार भाकरी मागावी लागे. महार वतनाच्या या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात विधेयक आणले. कनिष्ठ गाववतने नष्ट करणारा कायदा मुंबई राज्यात झाला तो १९५८ साली, ज्या वर्षी ईम्स यांनी लोट्याचे कौतुक लिहिले त्याच वर्षी. काठीत लाकूड किती, घुंगरू किती, हे कोणीही मोजेल. ती काठी हातात आली की माणसाचा दिवस आणि रात्र दोन्ही गावाच्या मालकीची होत, हे तिच्या शेजारी कसे दाखवायचे, हा खरा डिझाईनचा प्रश्न आहे आणि अवघड आहे. बहुधा आवाजाने सांगावे लागेल. दालनात शिरण्यापूर्वी दूरवरून घुंगरू ऐकू यावेत आणि काठी शेवटी दिसावी, असे आम्हाला वाटते. जाणकारांनी याहून चांगले सुचवावे.

या काठीला कायद्याचे संरक्षण आहे का? नाही. १९७२ चा पुरावशेष व कलानिधी कायदा साधारणपणे शंभर वर्षे जुन्या वस्तूला, आणि हस्तलिखित वगैरेंना पंचाहत्तर वर्षांनंतर, पुरावशेष मानतो. १९३० सालची काठी २०३० पर्यंत कायद्याच्या लेखी सरपण आहे. बाबासाहेबांनी वापरलेल्या बहुतेक वस्तूंचीही हीच गत. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील कलम ३(१)(टी) आमच्या आदराच्या वस्तूची नासधूस किंवा विटंबना करणाऱ्याला शिक्षा देते. ती तरतूद मोलाची आहे. पण आदराची वस्तू चुकीच्या पाटीखाली, चुकीच्या दालनात, निर्मळ मनाने मांडली तर तो गुन्हा होत नाही आणि व्हावा असे आम्ही म्हणतही नाही. त्याला फौजदारी कायदा हे औषध नव्हे.

औषध दुसरीकडे दिसते. अमेरिकेतील मूलनिवासी जमातींच्या अस्थी व पवित्र वस्तू परत करण्याचा कायदा तेथे १९९० साली झाला. तीस वर्षे संग्रहालयांनी चालढकल केली. १२ जानेवारी २०२४ पासून नवे नियम लागू झाले. त्यानुसार अशा वस्तू प्रदर्शनात मांडण्यापूर्वी संबंधित जमातीची माहितीपूर्वक, आगाऊ संमती घ्यावी लागते. परिणाम काय झाला? न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने त्याच महिन्यात आपली दोन मोठी दालने बंद केली, शिकागोच्या फील्ड म्युझियमने काचपेट्या झाकून टाकल्या. एवढे मोठे संग्रहालय, पण संमतीचा कागद नाही म्हणून दाराला कुलूप! आमच्या १९७२ च्या कायद्यात समाजाच्या संमतीचा शब्दही नाही. संविधानाच्या अनुच्छेद ४९ ने राष्ट्रीय महत्त्वाच्या वस्तू जपण्याचे कर्तव्य राज्यावर टाकले आहे, आणि ते जपणे म्हणजे नुसते कुलूपबंद करणे असा अर्थ संविधानकारांना अभिप्रेत असेल असे आम्हाला वाटत नाही.

कोणी म्हणेल, या जुन्या गोष्टी झाल्या. मग कोल्हापुरी चपलेचे पाहा. २०१९ मध्ये तिला महाराष्ट्र व कर्नाटक अशा दोन्ही राज्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. नोंद आहे ती आपल्या संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाच्या आणि कर्नाटकच्या तशाच महामंडळाच्या नावे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या मंचावर तशीच चप्पल आणली आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही. ओरड झाल्यावर कबुली आली आणि डिसेंबर २०२५ मध्ये या दोन्ही महामंडळांशी करार झाला. आता ही चप्पल डिझाईनच्या वर्गांतून आणि प्रदर्शनांतून ‘आपला वारसा’ म्हणून मिरवणार, यात शंका नाही. पाटीवर काय असेल? बाभळीची साल, हिरडा, चामड्याची वेणी, खिळा नाही. सर्व खरे. पण मेलेले जनावर ओढायचे कोणी, कातडे कमवायचे कोणी आणि चप्पल शिवायची कोणी, ही कामे जातीजातीत वाटलेली होती. महार, ढोर, चांभार असा तो प्रवास होता आणि चप्पल पायात घालून गावच्या पाटलासमोरून जायची मुभा या तिघांपैकी एकालाही नव्हती. मेलेली जनावरे ओढणे सोडा, असे बाबासाहेबांनी बजावले. ११ जुलै २०१६ ला गुजरातच्या उना येथे मेलेली गाय सोलणाऱ्या तरुणांना भररस्त्यात फटके मारण्यात आले. २०१५ पासून महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आल्यावर कातड्याचा पुरवठा आटला, तो या कारागिरांच्याच चुलीवर आला. हे सर्व एका पाटीत मावणार नाही, हे आम्हालाही कळते. पण यातले काहीच न लिहिता ‘अनामिक कारागीर’ असे लिहिणे कोणाच्या सोयीचे आहे, हेही कळते. कारागीर अनामिक नसतो. त्याचे नाव विचारलेले नसते.

प्रस्थापितांना दोष देऊन थांबणे सोपे आहे, म्हणून आमच्या स्वतःच्या संग्रहालयांविषयीही बोलले पाहिजे. पुण्याला सिंबायोसिसच्या संग्रहालयात माईसाहेबांनी दिलेल्या बाबासाहेबांच्या वस्तू आहेत, ते १९९६ साली संविधान दिनाच्या तारखेला, २६ नोव्हेंबरला उघडले. नागपूरजवळ चिचोलीला वामनराव गोडबोले यांनी बाबासाहेबांचे कोट, टंकलेखन यंत्र आणि इतर कितीतरी वस्तू जपल्या. दादरला राजगृह आहे. ज्यांनी हाती पैसा नसताना या वस्तू वाचवल्या, त्यांचे ऋण फिटणारे नाही. परंतु गावोगावच्या विहारांत, सभागृहांत आम्ही जी छोटी संग्रहालये मांडतो, त्यांत काय असते? भिंतभर छायाचित्रे, निळा सॅटिनचा पडदा, वर ट्यूबलाईट, पुढे मेणबत्ती आणि अगरबत्ती. कापड, कागद, कातडे यांना साधारण पन्नास लक्सपेक्षा जास्त प्रकाश सोसत नाही, हे संग्रहालयशास्त्राचे प्राथमिक सूत्र आहे. अगरबत्तीचा धूर लोकरीच्या कोटावर बसला की काजळी लागते. आणि कोटाखालची पाटी? ‘परमपूज्य बाबासाहेबांचा कोट.’ एवढेच. ज्या समाजाला अंगभर नवे कपडे घालायची चोरी होती, त्यातल्या माणसाने तीन तुकड्यांचा सूट अंगावर घालणे ही कृती काय होती, हे नव्या पिढीतल्या मुलाला त्या पाटीवरून कळत नाही. तो हात जोडतो आणि पुढे जातो. धूपदीप करायचा तर तो बुद्धरूपापुढे करावा. कोटापुढे करू नये, कारण त्याने कोट लवकर जातो.

याला माणसे लागतात आणि माणसे शिकवून तयार करावी लागतात. एनआयडी २०१४ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची संस्था झाली. २०१९ च्या दुरुस्तीने आंध्र प्रदेश, मध्य प्रदेश, आसाम, हरियाणा येथील चार संस्था त्या कायद्याखाली आल्या. मुंबईच्या आयआयटीत १९६९ पासून डिझाईनचे केंद्र आहे. या सर्व ठिकाणी आमच्या जागा आहेत. अभियांत्रिकीच्या शिकवणीला जेवढे पैसे आमचे पालक घालतात, त्याच्या काही अंशानेही या परीक्षांची चौकशी होत नाही. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे. त्या शहरात १९१७ साली बाबासाहेबांना राहायला खोली मिळाली नाही. ज्या सयाजीबागेत ते त्या दिवशी झाडाखाली बसले आणि ज्या जागेला आज आपण संकल्पभूमी म्हणतो, त्याच बागेत १८९४ चे बडोदा संग्रहालय उभे आहे. तेथे जाणाऱ्या हजारो अनुयायांपैकी किती जण त्या संग्रहालयाच्या दारातून आत जातात आणि आत गेल्यावर आपण कोठे आहोत ते शोधतात?

शिक्षण घेऊन मुले परत येईपर्यंत स्मारकांची कामे थांबणार नाहीत. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेतले आणि स्थानिक परवानगीच्या वादातून २०२० मध्ये त्याची संग्रहालय म्हणून सुटका झाली. दिल्लीत २६, अलीपूर रोडचे स्मारक २०१८ मध्ये उघडले. अशा प्रत्येक कामाची निविदा निघते. निविदेत संगमरवर किती इंची, हे असते. पाटीचा मजकूर कोण तपासणार, हे असतेच असे नाही. माहितीच्या अधिकारात निविदेची प्रत कोणीही मागू शकतो आणि आमच्या वकील मित्रांनी ती मागावी. मजकूर समितीत ज्या समाजाच्या वस्तू आहेत त्या समाजाची माणसे निम्म्याहून कमी नसावीत, वस्तू देणाऱ्याची लेखी संमती असावी, पाटीच्या मसुद्यावर हरकती मागवाव्यात आणि डिझाईन संस्थेचे विद्यार्थी कामावर असतील तर त्यांनी निदान आठवडाभर त्या वस्तीत राहून मग रेखाटन करावे, एवढ्या अटी घालायला नवा कायदा लागत नाही. शासन निर्णय पुरतो.

आणि शासन निर्णय होईपर्यंत प्रत्येक विहाराने एक नोंदवही घालावी. म्हाताऱ्या माणसांच्या घरात अजून काठी आहे, जलशातली डफ-तुणतुणी आहेत, १९५६ च्या दीक्षेला नेसलेले पांढरे लुगडे आहे, गिरणीतला डबा आहे. माणूस गेला की पंधरा दिवसांत ते भंगारात जाते. पंचनाम्याला जे लागते तेच येथे लागते. वस्तू कोणाची, कोणी वापरली, कोठे, कधीपासून कधीपर्यंत, कोणाकडून आली, आज कोणाच्या ताब्यात आहे. वस्तू घरातून हलवू नये, तिचे छायाचित्र घ्यावे, सांगणाऱ्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत उतरवावे, त्याला वाचून दाखवावे आणि खाली त्याची व दोन साक्षीदारांची सही घ्यावी. सही येत नसेल तर अंगठा.